गेरूचं बीपी

पन्नाशी उलटलेली दोन मराठी माणसं भेटली की पूर्वी पावसावर बोलत, हल्ली बीपीवर बोलतात. "वरचं एकशे चाळीस, खालचं नव्वद," हे इतक्या खालच्या आवाजात सांगितलं जातं, की पलीकडच्या बाकावरच्याला घरी जप्ती आल्याचीच शंका यावी. मी बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान घेतलं आणि पुढची सगळी नोकरी फायलींत काढली. विज्ञान सुटलं, पण आकड्याला आकडा लावून बघायची खोड काही सुटली नाही. हे एकशे चाळीस म्हणजे पाऱ्याचे १४० मिलिमीटर. आपण जन्मल्यापासून अंगावर वागवतो तो हवेचा दाब ७६० मिलिमीटरचा. म्हणजे ज्याच्यापायी आपण मीठ सोडतो, पापड सोडतो आणि रात्रीच्या टीव्हीवरच्या चर्चा बघणंही सोडतो, ते प्रेशर हवेच्या दाबाच्या पाचव्या हिश्श्याइतकंसुद्धा नाही. डाळीचा कुकर शिट्टीच्या वेळी हवेच्या दुप्पट दाब पोटात घेऊन बसलेला असतो, आणि त्याला कुणी सकाळ-संध्याकाळ गोळी देत नाही.

माझ्या भाचीसमोर मात्र हे बोलायची सोय नाही. ती ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे दाब गिगापास्कलांत मोजतात. बोलताना नुसतं 'जीपीए'. एक जीपीए म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास दहा हजार पट. पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ अकरा किलोमीटर पाणी डोक्यावर घेऊन, जो दाब भरतो तो हवेच्या हजार पटीच्या थोडा वर.

"म्हणजे पॉइंट वन," भाची म्हणाली. "डबा नीट बंद झालाय का बघतानासुद्धा आमचा त्याहून जास्त होतो, मामा."

मी बीपीचा कागद परत खिशात ठेवला.

एवढा दाब द्यायचा कशावर? तर लोखंड, निकेल, मँगनीज, व्हॅनेडियम, क्रोमियम अशा धातूंच्या संयुगांवर. आवर्तसारणीच्या मधल्या भागातलं हे मोठं कूळ. विश्वकोश त्यांना संक्रमणी मूलद्रव्यं म्हणतो. नाव भारदस्त आहे, पण त्यांच्यातलं एक संयुग आपल्या अंगणातलंच. तुळशीवृंदावनाला आणि कुंड्यांना दिवाळीच्या आधी जो गेरू फासतो, त्याचा लाल रंग म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, हेमॅटाइट. गेरूच्या अंगी चुंबकत्वाचा सूक्ष्म खेळ चाललेला असतो आणि त्यातून वीज वाहत नाही म्हटलं तरी चालेल. हे त्याचं रोजचं, कुंडीवरचं वागणं. भाचीच्या प्रयोगशाळेतली मंडळी त्याला हिऱ्यांच्या मधे धरतात आणि विचारतात, आता काय म्हणतोस?

इथे मला तो व्हॉट्सॲपवरचा सुविचार आठवतो: प्रचंड दाब सोसला म्हणून कोळशाचा हिरा झाला. परीक्षेच्या मोसमात तो मुलांच्या पालकांकडून हमखास येतो. या सुविचारात दोष इतकाच, की हिरे कोळशापासून होत नाहीत. ते जमिनीखाली दीडशे किलोमीटरवर किंवा त्याहून खोल असलेल्या कार्बनचे होतात, आणि ज्या झाडांचा पुढे कोळसा झाला ती पृथ्वीवर उगवण्याच्या कितीतरी आधी बहुतेक हिरे तयार होऊन बसलेले होते. दाबाने पदार्थ सुधारतो, ही समजूत पालकांची. प्रत्यक्षात तो बदलतो. कुणी आपली ठेवण बदलतो, कुणी चुंबकत्व टाकून देतो, कुणी जन्मभर वीज अडवून धरलेली असते ती सोडून देतो. आणि दाब काढला की बरेचजण निर्विकारपणे पुन्हा पहिल्यासारखे होतात.

या उद्योगाचे मूळपुरुष पर्सी ब्रिजमन. विद्यार्थी म्हणून हार्वर्डला आले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या आधीही लोक पदार्थ दाबत होतेच, पण दाब थोडा वाढवला की यंत्र कुठूनतरी गळायचं. ब्रिजमननी सांध्यात बसवायचं पॅकिंग अशा युक्तीने बसवलं की आतला दाब वाढेल तसं ते आपोआप अधिकच आवळलं जावं. गळती बंद झाली. मग फक्त पोलाद फुटायची अडचण उरली, आणि ती त्यांना पुष्कळदा आली. पुढे त्यांनी हवेच्या दाबाच्या लाख पटीपर्यंत मजल मारली आणि १९४६ साली या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. लेथवरचं बरंच काम ते स्वतः करत. हाती लागेल ते दाबून बघायचा त्यांचा स्वभाव इतका पक्का होता, की १९१४ साली त्यांनी अंड्याचा पांढरा बलक दाबला. आच नाही, पाणी नाही. हवेच्या सात हजार पट दाब अर्धा तास, आणि बलक उकडलेल्या अंड्यासारखा घट्ट झालेला. त्याच वर्षी त्यांनी पांढरा फॉस्फरस दाबून काळा केला. तो दाब काढल्यावरही काळाच राहिला. नोबेलच्या यादीत मला हा माणूस विशेष आवडतो, कारण त्याच्या कुतूहलाला स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा यांच्यामधली भिंत दिसलीच नाही.

ब्रिजमनच्या यंत्रांना खोली लागायची. आता तेच काम मुठीत मावणारा डबा करतो, आणि त्याची जन्मकथा थोडी पोलिसखात्यातली आहे. १९५८-५९ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये चार्ल्स विअर, अल्विन व्हॅन व्हाल्केनबर्ग आणि त्यांचे सहकारी हिऱ्यांच्या मधे नमुना दाबायचा विचार करत होते. हिरा सगळ्यात कठीण, आणि आरपार दिसणारा. म्हणजे दाबताही येईल आणि दाबलं जात असताना बघताही येईल. प्रश्न पैशांचा होता. सरकारी खात्यात हिरे खरेदीचा प्रस्ताव कुठल्या शीर्षाखाली टाकायचा, हे मी फायलींत आयुष्य घालवूनही सांगू शकणार नाही. पण सरकारकडे चोरून आणताना पकडलेले हिरे पडून होते. ते त्यांना मिळाले. तस्करांनी विज्ञानाला दिलेली एवढी मोठी देणगी दुसरी माझ्या ऐकिवात नाही.

भाचीने मला तो डबा भरताना दाखवला. पोलादाचे दोन भाग, प्रत्येकात एक हिरा, टोकाला टोक लावून. अंगठीतल्या हिऱ्याचं जे निमुळतं टोक खाली दडलेलं असतं, ते इथे घासून सपाट केलेलं. रुंदी एक तृतीयांश मिलिमीटरच्या आत. दोन टोकांच्या मधे धातूची पातळ चकती आणि तिच्या मधोमध केसाच्या दीड-दोनपट रुंदीचं भोक. या भोकात नमुन्याचा कण ठेवायचा. ठेवायचा म्हणजे मायक्रोस्कोपला डोळा लावून, सुईच्या टोकाने, हात टेबलाला टेकवून. कण सुईला चिकटला की सुटत नाही आणि सुटला की सापडत नाही.

"मामा, तू जरा तिकडे तोंड करून श्वास घे ना," ती मायक्रोस्कोपवरून मान न उचलता म्हणाली.

मी तिकडे तोंड केलं. कणाशेजारी माणकाचा त्याहून बारीक कण बसला. मग चार भाग मिथेनॉल आणि एक भाग इथेनॉल असं मिश्रण भोकात सोडलं, आणि ते उडून जायच्या आत डबा झटकन मिटला. दारू कशाला, या माझ्या प्रश्नाला उत्तर साधं होतं: नुसत्या दोन हिऱ्यांनी कण वरून-खालून चिरडला जाईल, भोवती द्रव असला की दाब सगळीकडून सारखा पडतो. दहा जीपीएपर्यंत हे मिश्रण द्रव राहतं, त्यापुढे तेही काचेसारखं थिजतं. त्या दाबाला कुणाचाच इलाज नाही.

मग चार स्क्रू, दोन सुलटे आणि दोन उलट आट्यांचे. दोन हातांत दोन ॲलन की घेऊन समोरासमोरचे स्क्रू एकाच वेळी, किंचित किंचित पिळायचे, म्हणजे हिरे कलत नाहीत. यंत्र नाही, मोटर नाही, घरघर नाही. मी मनात हिशेब केला: तीनशे मायक्रॉनच्या टोकावर दहा जीपीए हवे असतील तर जोर किती लागेल? उत्तर आलं बहात्तर किलोचा. म्हणजे त्या हिऱ्यावर मी नुसता उभा राहिलो तरी हवेच्या लाख पट दाब तयार. डॉक्टरांनी वर्षानुवर्षं कमी करायला सांगितलेल्या माझ्या वजनाचा हा पहिला शास्त्रीय उपयोग.

आत किती दाब झाला, हे माणिक सांगतं. त्यावर हिरवा लेसर टाकला की ते लाल उजळतं, आणि त्या उजेडाची मुख्य रेघ एरवी ६९४.२ नॅनोमीटरवर असते. दाब वाढला की दर जीपीएला ती सुमारे ०.३६५ नॅनोमीटरने आणखी लालकडे सरकते. ही पट्टीही त्याच ब्युरोने १९७२ साली काढली. माणकाचा लालपणा त्यातल्या चिमूटभर क्रोमियमचा. क्रोमियम संक्रमणी कुळातलंच, म्हणजे दाबाखाली कोण किती बदललं याची साक्षही घरच्याच माणसाची.

आता आत काय होतं ते. लोखंडाच्या अणूत जे इलेक्ट्रॉन हा सगळा खेळ करतात, त्यांना बसायला पाच जागा असतात आणि प्रत्येक जागेत दोघांची सोय. एकटा अणू मोकळ्यावर असेल तर पाचही जागा सारख्याच. पण ऑक्साइडात भोवती सहा ऑक्सिजन येऊन उभे राहतात. पाचपैकी दोन जागांची तोंडं नेमकी त्या ऑक्सिजनांवर रोखलेली असतात, तीन जागांची त्यांच्या फटींकडे. साहजिकच त्या दोन जागा अडचणीच्या होतात, बसायला जास्त ऊर्जा मागतात.

एसटीचा जुना लाल डबा आठवा. दोघा-दोघांची पाच बाकं: तीन पुढे, दोन नेमकी मागच्या चाकावर. गेरूतल्या लोखंडाचे पाच इलेक्ट्रॉन म्हणजे पाच उतारू. मराठी उतारू दुसऱ्या कुणाच्या शेजारी मुद्दाम जाऊन बसत नाही. पाच जण, पाच बाकं. प्रत्येक जण आपल्या बाकावर, शेजारच्या जागेवर रुमाल. चाकावरच्या दोघांना थोडे हादरे बसतात, पण स्वतंत्र बाकाच्या सुखापुढे ते सोसवतात. आता रस्ता बिघडायला लागला असं समजा. दाब वाढला की ऑक्सिजन जवळ सरकतात आणि चाकावरच्या बाकांची परवड वाढत जाते. दहा जीपीएला बूड आपटतं, तीसला डोकं टपाला लागतं. आणि एक खड्डा असा येतो की मागचे दोघेही निमूट उठतात, पुढच्या कुणाचा तरी रुमाल उचलतात, "जरा सरका हो" म्हणून त्याच्या शेजारी बसतात. तीन बाकांवर पाच जण: दोन जोड्या आणि एक सुटा.

ही बसाबस बदलली की दोन गोष्टी होतात. एकेकटा इलेक्ट्रॉन म्हणजे छोटासा चुंबक. जोडीने बसले की एकाचं चुंबकत्व दुसरा पुसतो. पाच सुटे होते तिथे एक उरला, म्हणजे चुंबकत्वाचा मोठा भाग गेला. शिवाय ऑक्सिजनच्या रोखाने असलेल्या जागा रिकाम्या झाल्या, त्यामुळे अणूच आकाराने आकसतो आणि सगळा स्फटिक दाटून बसतो. १९९९ साली मोशे पास्टर्नाक आणि सहकाऱ्यांनी हेमॅटाइट दाबलं तेव्हा सुमारे ५० जीपीएला चुंबकत्व ढासळलेलं, आकारमान एका झटक्यात दहाव्या हिश्श्याने उतरलेलं आणि वीज वाहू लागलेली, असं तिन्ही एकदम दिसलं. आधी रचना बदलते आणि मागून इलेक्ट्रॉन, की इलेक्ट्रॉन आधी आणि रचना त्यांच्यासाठी, यावर पुढे तज्ज्ञांत बरंच जुंपलं. मला त्या वादात पडायचं नाही. पण मँगनीजच्या एका सल्फाइडाचा आकडा सांगतो, कारण तो वाचून मी दोनदा चष्मा पुसला: आकारमानात बावीस टक्के घट. शंभरातले बावीस, आणि तेही दगडाच्या.

वीज वाहू लागण्याची गोष्ट मात्र वेगळी सांगायला हवी, कारण त्यात एका मोठ्या शास्त्राची फजिती आहे. १९३७ साली ब्रिस्टलला एका परिषदेत डी बूर आणि फेरवे या दोन डच संशोधकांनी निकेल ऑक्साइडचा प्रश्न मांडला. त्या वेळी घन पदार्थांचं नवं पुंजशास्त्र ऐन भरात होतं आणि कुठला पदार्थ वीज वाहून नेईल, कुठला नाही, हे कागदावर सांगत होतं. त्याच्या हिशेबाने निकेल ऑक्साइडमधल्या इलेक्ट्रॉनांना फिरायला भरपूर मोकळी जागा होती. ते धातूसारखं चमकायला हवं, वीज सोडायला हवी. प्रत्यक्षात ते फिकट हिरवं, आणि विजेच्या बाबतीत ठार बंद. रुडॉल्फ पायर्ल्स आणि नेव्हिल मॉट यांनी चूक कुठे आहे ते ओळखलं: हिशेबात इलेक्ट्रॉन एकमेकांना पुरेसे बघतच नव्हते. शेजारच्या अणूवर उडी मारायची मुभा आहे, पण तिथे आधीच इलेक्ट्रॉन बसलेले आहेत आणि ऋणभाराला ऋणभार जवळ नको असतो. उडी मारण्यात थोडा फायदा, तिथल्या भांडणात मोठा तोटा. मग सगळे जागच्या जागी. रस्ता मोकळा आणि रहदारी शून्य. अशा पदार्थांना आता मॉटचंच नाव आहे आणि त्यांना १९७७ चं नोबेल मिळालं.

दाब नेमका याच हिशेबात हात घालतो. अणू जवळ आले की इलेक्ट्रॉनांचे वावरायचे पट्टे रुंदावतात, उडीचा फायदा वाढत जातो. भांडणाचा तोटा त्या मानाने फारसा हलत नाही. कधीतरी फायदा तोट्याच्या वर जातो आणि इलेक्ट्रॉन एकाएकी सगळ्यांचे होऊन जातात. पदार्थ धातू होतो. माणसांच्या बाबतीत गर्दी वाढली की हालचाल थांबते. इथे गर्दी होईपर्यंत हालचाल सुरूच होत नाही. निकेल ऑक्साइड यातलं सगळ्यात हट्टी निघालं. त्याचा रोध मोजण्याइतका खाली यायलाच सुमारे १३० जीपीए लागले, आणि २०१२ साली गाव्रिल्युक आणि सहकाऱ्यांनी ते २४० जीपीएपर्यंत नेलं तेव्हा रोध हजारपटीने कोसळला, वागणं धातूचं झालं. २४० जीपीए हा पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातला दाब आहे. ब्रिस्टलच्या परिषदेनंतर पंच्याहत्तर वर्षांनी हे घडलं. मॉट तोवर हयात नव्हते.

याचा कुणी नियम करायला जाईल तर सोडियम उभं आहे. शाळेत रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला तो मऊ, चकचकीत धातू. वीज वाहून नेणाऱ्यांतला नामांकित. २००९ साली त्याला २०० जीपीएच्या आसपास नेल्यावर तो पारदर्शक झाला आणि वीज सोडायचा बंद झाला. संक्रमणी कुळाशी त्याचा संबंध नाही, पण विषय निघाला की त्याला डावलणं बरं नाही.

संक्रमणी कुळाच्या शेजारच्याच घराण्यातला आणखी एक. समेरियम सल्फाइड हा काळा स्फटिक. १९७० साली बेल लॅब्समध्ये अय्यासामी जयरामन यांनी त्याच्यावर दाब दिला. हे गृहस्थ बंगळुरात सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली काम करून गेलेले, आणि हिऱ्यांच्या डब्यावरचा त्यांचा १९८३ चा प्रदीर्घ लेख या क्षेत्रातली मुलं अजून वाचतात. जेमतेम ०.६५ जीपीएला काळा स्फटिक सोनेरी झाला. अणूंची मांडणी तीच, मिठाची. फक्त इलेक्ट्रॉन सुटे झाले आणि रंग पालटला. इतका हळवा पदार्थ, की नुसता ओरखडा काढला तरी ओरखडलेली जागा सोनेरी होते. मी हे घरी सांगितलं तेव्हा बायकोने आधी भाव विचारला. यात सोनं नाही म्हटल्यावर चर्चा संपली.

हे सगळं उगाच कुणी तरी दगडांना छळतंय, असं वाटत असेल तर पायाखाली बघावं. आपण ज्या पृथ्वीवर राहतो तिचा बहुतेक भाग याच अवस्थेत आहे. दीड हजार किलोमीटर खोल गेलं की ६०-७० जीपीए सहज भरतात, आणि तिथे मॅग्नेशियम-लोखंडाच्या ऑक्साइडातले उतारूही आपली बाकं बदलत असतात. २००३ साली जेम्स बाद्रो यांच्या गटाने ते प्रयोगात दाखवलं. इथल्या लोखंडात सहा इलेक्ट्रॉन, म्हणजे तीन बाकं पक्की भरून सुटा एकही नाही. तिथल्या उष्णतेत हा बदल एकदम न होता लांबच लांब पट्ट्यात होतो, पण त्याने खडकाची घनता बदलते, लवचीकपणा बदलतो, आणि भूकंपाच्या लहरी तिथून कशा जातात तेही बदलतं. पृथ्वीच्या पोटात सर्वांत जास्त असलेलं खनिज, मॅग्नेशियम, लोखंड आणि सिलिकेटचं, तिच्या एकूण आकारमानाच्या सुमारे ३८ टक्के आहे. त्याला २०१४ पर्यंत नावच नव्हतं. नियम असा, की निसर्गात सापडलेला नमुना नीट तपासल्याशिवाय खनिजाचं बारसं करायचं नाही. आणि हे तर इतक्या खोल की वर आणता आणता मोडतं. शेवटी १८७९ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला पडलेल्या टेनहॅम नावाच्या उल्केत, आकाशातल्या टकरीच्या दाबाने तयार झालेले त्याचे कण सापडले. नाव ठेवलं ब्रिजमनाइट. पोलाद फोडत बसलेल्या त्या माणसाच्या नावावर आता पृथ्वीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग आहे, सातबारा न काढता.

आपल्याकडेही हे काम जुनं आहे. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात उच्च दाबाचं पदार्थविज्ञान कित्येक दशकं चाललंय, आणि इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर दाबलेल्या स्फटिकांची क्ष-किरणांनी तपासणी होते. मुंबईत तीच ती माणसं रोज चेंबूरला उतरून आत जातात. त्यांच्या डब्यात पोळीभाजी असते आणि टेबलावरच्या डब्यात लाखो पट दाब, हे लोकलमधल्या शेजाऱ्याला कळायचं कारण नाही.

सध्या भाचीच्या तोंडी एकच नाव आहे: लॅन्थॅनम निकेलेट. विषय अतिवाहकांचा, म्हणजे जराही रोध न करता वीज वाहून नेणाऱ्या पदार्थांचा. १९८६ पासून तांब्याच्या ऑक्साइडांनी या क्षेत्रात दादागिरी केली, आणि आवर्तसारणीत तांब्याला लागूनच बसलेल्या निकेललाही हे जमेल का, ही शंका तेव्हापासूनच होती. २०२३ साली ग्वांगजौच्या सुन यत्-सेन विद्यापीठातल्या मेंग वांग यांच्या गटाने निकेलचं हे थरांचं ऑक्साइड दाबलं, आणि १४ जीपीएच्या वर ते सुमारे ८० केल्विनला अतिवाहक झालं. ऐंशी केल्विन म्हणजे उणे १९३ अंश. ऐकायला थंड, पण द्रव नायट्रोजन ७७ ला उकळतो, म्हणून या मंडळींना ते उबदार वाटतं. मला आवडली ती त्यातली भूमिती. दोन थरांमधे निकेल, ऑक्सिजन, निकेल अशी कडी आहे. एरवी ती वाकलेली असते, १६८ अंशांत. दाब दिला की ती ताठ होते, १८०. बारा अंशांचा बाक गेला आणि त्याच सरळ झालेल्या स्फटिकात अतिवाहकता सापडली. कारण आणि परिणाम यांचा नेमका धागा अजून विणला जातोय, आणि निबंधांचा पाऊस पडतोय.

मग २०२४ च्या शेवटी स्टॅनफर्डच्या लोकांनी एक चलाखी केली. त्यांनी डबा वापरलाच नाही. त्याच निकेलेटचा काही नॅनोमीटर जाडीचा थर दुसऱ्या एका स्फटिकावर वाढवला, ज्यातले अणू किंचित जास्त दाटीने बसलेले असतात. थराला खालच्याच्या मापात बसावं लागतं, म्हणून तो आडव्या दिशेने आवळला जातो; स्क्रू नाही, हिरा नाही, दाबाखाली हिरा तडकल्यावर होणारी ती शोकसभाही नाही. हवेच्याच दाबाला ४० केल्विनच्या वर त्यात अतिवाहकतेची सुरुवात दिसली.

"म्हणजे तुमच्या डब्यांची पेन्शन सुरू," मी म्हणालो.

"चाळीसवर?" भाची म्हणाली. "डब्यात ऐंशी आहे, मामा. आता तो आवळलेला थरच उचलून डब्यात घालायचा. फक्त तो सुईने उचलायचा कसा, तेवढं कुणीतरी सांगायला हवं."